माळ्यावरचे देव कोणी उतरवले

ज्ञानू,

तुझ्या शोकसभेत मी भांडण केले, हे दुसऱ्या कोणाकडून तुझ्यापर्यंत पोहोचण्याआधी मीच सांगतो. तू असतास तर माझ्या कोटाची बाही ओढून मला खाली बसवले असतेस. तू नव्हतास, आणि ती बाही ओढण्याचा अधिकार मी दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. म्हणून पुरते बोललो, आणि बोलून झाल्यावर तुझ्या तसबिरीला हार घालायला न थांबता बाहेर पडलो.

ज्या तालमीच्या हौद्यात आपण दोघांनी पोरवयात तांबडी माती अंगाला लावली, त्याच हौद्यावर सतरंजी अंथरून सभा भरली होती. तू कुंभाराचा मुलगा आणि मी कारकुनाचा. लंगोट कसल्यावर दोघांत भेद उरत नसे. तेव्हापासून आपण एकमेकांना अरेतुरे करीत आलो, ते मी वकील झाल्यावरही आणि तू कुंभार गल्लीचा पंच झाल्यावरही. मी अनेकदा चितपट झालो आणि तू दोनदा, असे तू सांगत असस. तो आकडा मला मान्य नाही. पण आज तो वाद बाजूला ठेवतो, कारण त्याहून मोठा वाद समोर आहे.

तालमीचे चिटणीस बोलायला उभे राहिले. त्यांचा आवाज चांगला आहे, हेच त्यांचे भांडवल. ते म्हणाले, "त्या पुरात ज्ञानोबा छातीभर पाण्यात उभे होते. गल्लीतला एकेक गणपती त्यांनी स्वतःच्या हातांनी माळ्यावर चढवला. पाणी आलं आणि गेलं, पण एकाही मूर्तीला धक्का लागला नाही." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दुसरे एक गृहस्थ उठले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले की वकीलसाहेब गाड्या घेऊन आले, त्यांनी हुकूम सोडला, म्हणून गल्ली हलली. त्यांना वाटले मी खूष होईन. मागे भिंतीला टेकून बसलेला कोणी शेजाऱ्याला हलकेच सांगत होता की ज्ञानबा हट्टी होता, त्याच्या हट्टापायी गल्ली बुडत होती, देवानेच राखली.

तीन साक्षीदार, तीन जबान्या आणि तिन्ही खोट्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "एकही मूर्ती वाचली नाही. एकही नाही. ज्ञानूने त्या वाचवल्या नाहीत, आणि तोच त्याचा मोठेपणा आहे." सभेत कुजबूज झाली. पुढच्या रांगेत तुझा मुलगा पांडू मान खाली घालून बसला होता. त्याची मान आणखी खाली गेली, आणि एवढ्याच गोष्टीचे मला वाईट वाटले. बाकीच्यांचे नाही.

आता जे घडले ते क्रमाने मांडतो. तू सोडून दुसरा कोणी हे वाचील, तर त्यालाही कळले पाहिजे.

संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षे झाली होती. श्रावण लागला होता आणि पंचगंगा घाटाच्या पायऱ्या ओलांडून वर आली होती. तुमची कुंभार गल्ली नदीच्या अंगाला, सगळ्यात सखल. चतुर्थी जवळ, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात ओल्या-सुक्या गणपतींची दाटी. आपल्याकडची रीत अशी की गणपती विकत आणायचा नसतो, तो करून घ्यायचा असतो. घराघरांतून आपापला लाकडी पाट कुंभाराकडे जातो, त्यावर सुपारी ठेवतात, आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो. पाट आला आणि सुपारी स्वीकारली की मूर्ती कुंभाराची राहत नाही. ती त्या घराची ठेव होते. आमच्या घरचा शिसवी पाटही दर साली तुझ्याकडेच यायचा.

पूर येईल असे वाटले की गल्लीची एक जुनी सवय होती. सगळे गणपती पाटांसकट माळ्यावर चढवायचे आणि माणसांनी खाली, देवांच्या पायाशी, पाणी ओसरण्याची वाट पाहत बसायचे. बापजाद्यांपासून हेच चालत आले होते आणि त्यांच्या वेळचे पूर कमरेवर आले नव्हते, म्हणून ते खपलेही होते. त्या दिवशी सकाळी तूही तेच केलेस. चिटणिसांची गोष्ट येथपर्यंत खरी आहे. खोटे बोलणाऱ्याला पाय टेकायला थोडी खरी जमीन लागते, ती तूच त्यांना दिलीस.

पांढरीच्या मातीच्या भिंती, खालून पाणी प्यायलेल्या. आणि वर, माळ्यावर, ओल्या मातीच्या मूर्तींचे ओझे. हे वेडेपण दुसऱ्या कोणत्या गावाने केले असते असे मला वाटत नाही. धान्याची पोतीसुद्धा कोणी त्या माळ्यावर इतकी रचली नसती. पण देवाला वजन असते हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

दुपारी बावड्याच्या एका पक्षकाराच्या दोन बैलगाड्या मागून घेऊन मी गल्लीत आलो. वरच्या अंगाच्या शाळेचे वर्ग मी उघडून घेतले होते. गल्लीच्या तोंडाशी बैलांच्या गुडघ्याएवढे पाणी होते. त्यातून गाड्यांच्या काही खेपा होतील आणि मग वाट बंद होईल, हे कोणालाही दिसत होते. तरी कोणी हलत नव्हते. प्रत्येक दारातली माणसे तुझ्या दाराकडे पाहत होती. तू निघालास तर निघायचे, तू बसलास तर बसायचे. पंचाने आधी देवांना टाकून जावे आणि मागून आपण जावे, म्हणजे दोष आपल्यावर येत नाही, एवढा हिशोब सगळ्यांना जमला होता. आणि तू सोप्यात बसून तालमीच्या गणपतीची सोंड नितळ करीत होतास. तो पुरुषभर उंचीचा गणपती माळ्यावर जाण्यासारखा नव्हता, म्हणून घडवंचीवर उभा होता. पाणी घडवंचीच्या पायांना लागले होते.

"ऊठ," मी म्हणालो. "गाड्या आणल्यात. बायका, पोरं, म्हातारी, आधी ती काढ."

"आन् ह्यांचं काय?" तू माळ्याकडे पाहिलेस.

"माती हाय ती, ज्ञानू."

"लोकांचे पाट हाईत माज्याकडं. सुपारी घेतलीया मी."

मी तुला कायदा सांगितला. ठेव सांभाळणारा दैवी आपत्तीत जबाबदार नसतो, कोणतेही न्यायालय तुला दोष देणार नाही, असे मी पाण्यात उभा राहून, धोतर वर खोचून, तुला समजावले. तू हातातली ओली चिंधी बाजूला ठेवलीस आणि म्हणालास, "म्हंजे देवानंच पूर आनायचा, आन् त्या देवालाच बुडवून मी मोकळा. लई झकास कायदा हाय तुजा. शिकाय किती वर्सं लागली?"

दारातली माणसे हसली. त्या हसण्याचा मला आजही राग आहे. पाणी चढत असताना आपले बोलणे ऐकायला ती तमाशाला यावीत तशी जमली होती.

तुझी थोरली भावजय, गंगूवैनी, तुझ्या उंबऱ्यावर नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वकील, तुमी जावा. देव वर, आमी खाली. बुडलो तर संगंच बुडू. आजवर कवा सोडलं न्हाई, आता सोडाय हुयाचं न्हाई."

"वैनी, तुमी बुडा," मी म्हणालो. "मांडीवरच्या नातीला कशाला संगं नेताय?"

"त्वांड सांभाळा, वकील."

"मी तोंड सांभाळायचा पैसा घेत न्हाई. चालवायचा घेतो."

त्यावर कोणी हसले नाही. आणि त्या शांततेत माळा बोलला. तुळईतून एक लांब कण्हणे निघाले आणि भिंतीच्या वरच्या अंगाचा गिलावा तुझ्या गादीवर पडला. गंगूवैनींच्या नातीने वर पाहून विचारले, "कोन हाय वर?" तू उठलास, शिडी लावून वर गेलास, तुळईवर तळहात ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिलास. आजारी जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. मी खालून तुझे पाय तेवढे पाहत होतो. त्या वेळात तू काय ठरवलेस आणि कसे ठरवलेस, हे मी तुला कधी विचारले नाही. विचारायला हवे होते.

वरूनच तू म्हणालास, "वकिला, तुजा पाट कुठला?"

"तुला ठावं हाय."

"मालकाच्या तोंडनं सांग."

"डाव्या कोपऱ्यातला. शिसवी."

"सोडू?"

"सोड."

"तुज्या घरात वैनीसायबास्नी इचारलंस?"

"न्हाई. सोड तू."

आता कळेल मी त्या दुसऱ्या गृहस्थाला खोटे का म्हणतो ते. मी हुकूम दिला नाही. मी फक्त परवानगी दिली, तीही माझ्या एकट्याच्या गणपतीपुरती. गल्लीतल्या सगळ्या मूर्तींपैकी जिचा मालक समोर हजर होता अशी ती एकच होती. माझे नाव मोठे करण्यासाठी कोणी तुझे लहान करील, तर ते मला चालणार नाही. मला स्वतःची स्तुती आवडत नाही असे मी म्हणत नाही. पण चोरीची नको.

तू आमचा गणपती छातीशी धरून खाली उतरलास. रंग लागला नव्हता, डोळे आखले नव्हते. पाटावरून सोडवून तू त्याला सोप्यातल्या पाण्यात धरलेस आणि हात काढून घेतले नाहीस. तो विरघळून संपेपर्यंत हाताचा आधार ठेवलास. रिकामा पाट माझ्या हातात दिलास. मग घडवंचीकडे वळलास. तालमीच्या गणपतीवर तू आषाढापासून खपत होतास. आधी त्याचा मुकुट उतरवलास, मग हात, मग पोटाची माती आतल्या गवताच्या काडापासून सोडवलीस, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, दोन्ही तळव्यांत घेऊन. त्या मातीचे पाणी दाराबाहेर गल्लीत गेले आणि दारातली माणसे त्या पाण्यातून मागे सरली.

तू बाहेर येऊन म्हणालास, "बगितलंसा? मी सोडलाय. आता ज्येनं त्येनं आपापल्या घरातला सोडा, पाट तेवढं गाडीत घाला, आन् निघा."

"कुनाला इचारून, ज्ञानबा?" गंगूवैनी म्हणाल्या. "लोकांचं देव हाईत."

"कुनाला न्हाई. पाप माज्या नावावर लावा."

"पाप असं वाटून घेता येतंय व्हय?"

"न्हाई येत. म्हून तर सगळं मीच घेतो. उठा आता."

त्या उठल्या. नात माझ्या हातात दिली आणि आपल्या घरात शिरल्या. थोड्या वेळाने आल्या तेव्हा काखेत रिकामे पाट होते आणि कोपरापर्यंत हात मातीने माखले होते. घराघरांतून तांबूस पाणी वाहू लागले, आणि माणसे, पाट, शेळ्या, तान्ही मुले, अशा खेपा शाळेकडे जाऊ लागल्या. पाट हलके असतात, एकावर एक रचता येतात. मूर्ती घेतल्या असत्या तर दोन गाड्यांत देव मावले असते किंवा माणसे. तू शेवटच्या खेपेला आलास, दिवस मावळायच्या आधी. गाडीत नाही, गाडीला धरून, चालत.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या उंचवट्यावरून गल्ली पाहिली तेव्हा पाण्यावर फक्त कौले होती. तुझ्या सोप्याची भिंत बसली होती, आणि तुळई माळ्यासकट, गंगूवैनी बसल्या होत्या त्या उंबऱ्यावर आडवी पडली होती. तू ते पाहिलेस. मीही पाहिले. माणूस एकही गेले नव्हते.

मला वाटले, गाव तुला खांद्यावर घेईल. हे माझे वकिली शहाणपण.

पाणी ओसरल्यावर तू पाट घरोघर पोहोचवायला निघालास. मी म्हणालो, "मी येतो संगं. काय झालं ते मी सांगतो. तू नुसता उभा ऱ्हा."

"माजी वकिली करू नगंस," तू म्हणालास. "सुपारी मी घेतलीया, पाट मी परत द्येनार."

तू अनवाणी, खांद्यावर पाट घेऊन, गल्ल्यागल्ल्यांतून फिरलास आणि प्रत्येक दारात एकच वाक्य बोललास: तुमचा गणपती मी पाण्यात सोडला, माफी असावी. कोणी पाट घेताना तुझा हात लागू दिला नाही. कोणी तो दारात ठेवायला लावून त्यावर गोमूत्र शिंपडले. पेठेतल्या एका सावकाराने तुला अंगणात उभे करून विचारले, "डोळे उघडायच्या आदीच मारलास व्हय रे?" तू पाट ठेवून पुढच्या दाराला गेलास. मला हे त्या सावकाराच्याच तोंडून कळले. तो ते अभिमानाने सांगत होता. मी त्याचे एक काम चालवीत होतो, ते त्याच दिवशी सोडले.

आमच्या घरी तू सगळ्यात शेवटी आलास. वास्तविक आमचा पाट गाडीतून मी स्वतःच घरी आणला होता, तुझे काही येणे लागत नव्हते. पण तू आलास आणि माझ्या बायकोपुढे तेच वाक्य बोललास, कारण परवानगी मी दिली होती, तिने नाही. ती माझ्याशी त्या प्रकरणावरून पुष्कळ दिवस बोलत नव्हती. तुझ्याशी मात्र बोलली. तिने तुला पाटावर बसवले, पायांवर पाणी घातले आणि म्हणाली, "ज्ञानू भाऊजी, यंदा सुपारीचाच गणपती बसवीन. पुढल्या आषाढात पाट न्यायला तुम्हीच या, मी कोणाच्या हाती पाठवणार नाही." तू मान खाली घालून चहा प्यायलास. तुझ्या त्या फेरीत तुला मिळालेला तो एकच कप. तिला मी त्याबद्दल कधी धन्यवाद दिले नाहीत. ती माझ्याआधी गेली. तुला भेटली तर माझ्या वतीने तेवढे सांग.

पुढच्या वर्षी तुझ्याकडे पाट फार थोडे आले. पांडू पुराच्या आधीपासून इचलकरंजीला मागावर कामाला होता, म्हणून चूल पेटत राहिली. त्यानंतरच्या वर्षी थोडे जास्त आले. आणि ज्यांनी गोमूत्र शिंपडले होते ते परतू लागले तशी ही गोष्ट बदलू लागली. मी ती माझ्या डोळ्यांदेखत बदलताना पाहिली आहे. तुझ्या हाताची सोंड दुसऱ्या कोणाला जमत नव्हती, म्हणून त्यांना परत यायचे होते. पण ज्याला दारातून हाकलले, त्याच्याकडे कोणत्या तोंडाने यायचे? मग कोणी म्हणाले, काही मूर्ती वाचल्या होत्या म्हणे. मग, बऱ्याच वाचल्या होत्या. मग, सगळ्याच वाचल्या होत्या, आमच्याच घरातल्या बायकांचा गैरसमज झाला. ही गोष्ट भक्तीतून जन्मली नाही, ज्ञानू, सोयीतून जन्मली. त्यांनी तुला क्षमा केली नाही. क्षमा करायची वेळच येऊ नये म्हणून तू केलेले कामच पुसून टाकले.

आणि तू ते पुसू दिलेस. माझा खरा राग येथे आहे.

गेल्या हिवाळ्यात तुझ्या अंगणात आपण बसलो होतो. एक गिऱ्हाईक आपल्या सुनेला तुझ्यादेखत ही गोष्ट सांगून गेले. छातीभर पाणी, माळा, सगळे. तू बिडी ओढत बसलास. ते गेल्यावर मी तुला धारेवर धरले.

"गप का बसलास?"

"काय बोलू?"

"खरं."

"खरं ऐकाय कोन आलतं? पाट द्याय आलती ती." मग म्हणालास, "पांडू माग सोडून परत आलाय. चाकाव हात बसाय लागलाय त्येचा. ह्या गोष्टीवर घर चालतंय तर चालू दे की."

"खोट्यावर?"

"तुजं घर कशावर चाललं आजवर?"

मला हसू आले आणि त्यामुळे राग अधिक वाढला. मी म्हणालो की तू केलेस त्यात लपवण्यासारखे काहीही नाही, प्राणप्रतिष्ठा झाली नव्हती, डोळे नव्हते, शास्त्राने आणि कायद्याने ती माती होती. हे मी तुला त्या दिवसापासून सांगत आलो होतो. तू बिडी विझवलीस आणि प्रथमच माझ्यावर आवाज चढवलास.

"माती माती करू नगंस. चाळीस वर्सं मळलीया मी. कालवल्यापास्नं देव असतोय त्यो. ठावं असूनबी सोडला मी. माती म्हून न्हवं."

मी निरुत्तर झालो नाही. मी आयुष्यात निरुत्तर झालेलो नाही. माझ्यापाशी उत्तर होते, पण तुला खोकला आला आणि पांडू पाणी घेऊन आला. त्याच्यासमोर तू मला नजरेनेच गप्प केलेस. निघताना दारात म्हणालास, "म्या गेल्यावर बी ह्ये तुज्यापाशीच ठेव." मी काही बोललो नाही. तू त्याचा अर्थ होकार असा घेतलास, हे मला कळले होते. पण वकिलाच्या मित्राला एवढे ठाऊक असायला हवे होते की मौन हा होकार नसतो.

ते उत्तर आता देतो. तू म्हणतोस ते जर खरे असेल, ती जर माती नव्हती, तर तुझे काम मला वाटत होते त्याहून कितीतरी मोठे ठरते. मी माझ्या युक्तिवादाने तुला निर्दोष सोडवत होतो, आणि सोडवता सोडवता लहान करीत होतो. तू सुटका मागितलीच नव्हतीस. हे मला तुझ्या चितेपाशी उभे असताना समजले, आणि तेव्हा ते ऐकायला तू नव्हतास. या गोष्टीचा राग कोणावर काढावा ते न समजल्याने मी तो शोकसभेत काढला.

सभेनंतर दोन दिवसांनी पांडू आला. दारातच उभा राहिला. "काका, तुमी बरं न्हाई केलं. पेठेतनं निरोप आलाय. दोगातिगांनी पाट दुसरीकडं द्यायचं ठरवलंय."

"येऊन बस."

"बसाय न्हाई आलो. आबांनी नगं म्हटलं असंल, तरी तुमी बोलला. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"का?"

मी त्याला सगळे सांगितले, तुला येथे सांगितले तसेच. गंगूवैनींचा प्रश्न, तुळई, चेहरा शेवटी. तो उभाच होता, पण सावकाराच्या अंगणापर्यंत आलो तेव्हा खाली बसला. म्हणाला, "मला वाटायचं आबा भित्रं हाईत. गिऱ्हाइकाम्होरं कवा त्वांड वर करायचं न्हाईत." मग विचारले, "तालमीच्या गनपतीला किती येळ लागला विरघळाय?" मी म्हणालो, ते मला आठवत नाही, मी तुझ्या बापाकडे पाहत होतो. तो उठला आणि निघून गेला. माझ्याशी त्याचा संबंध तुटला असे मी धरून चाललो. मी बोललो याचा मला पश्चात्ताप नव्हता. तरी त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दरम्यान तालमीने हार मानली नव्हती. चिटणिसांनी गल्लीच्या तोंडाशी बसवायला एक शिळा आधीच कोरून घेतली होती. 'महापुरात देवांचे रक्षण करणारे' आणि खाली तुझे नाव. ती शिळा मागे घ्यावी म्हणून मी त्यांना नोटीस दिली. त्यांनी उत्तर दिले की मृताच्या कुटुंबाची हरकत नसताना वकीलसाहेबांना हरकत घेण्याचा अधिकार पोहोचत नाही. मुद्दा कायद्याने बरोबर होता. मला तो फार झोंबला.

काल मी गल्लीत गेलो. मनात ठरवून गेलो होतो की शिळा बसवली असेल तर तिच्यासमोर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला खरे सांगायचे, रोज, अंगात बळ असेपर्यंत. गल्लीच्या तोंडाशी शिळा नव्हती. मी तुझ्या घरापर्यंत आलो. नव्या बांधलेल्या सोप्यात पांडू जमिनीवर बसून माती मळत होता, आणि मातीखाली ती शिळा होती, पालथी घातलेली. कोरलेली बाजू जमिनीत, गुळगुळीत पाठ वर.

"ही इथं कशी?" मी विचारले.

"तालमीनं आनून टाकली. लाव म्हनलं," पांडू वर न पाहता म्हणाला. "लावली."

भिंतीला थोडेसे पाट टेकून उभे होते. मागच्या सालापेक्षा कमी. मी ते मोजले नाहीत. त्याने मातीचा गोळा उचलून पुन्हा शिळेवर आपटला, आणि हात न थांबवता मला बसायला पायाने एक पाट पुढे सरकवला.